उजव्या फूटरेस्टचा तुटका बोल्ट: फ्रेमचे आटे वाचवून तो कसा निघाला

गाडी १५० सीसीची, आठ वर्षं जुनी, मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातली. घर समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. रस्ता जांभ्याच्या लाल मातीचा आणि पावसाचे चार महिने पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर. तक्रार साधी होती: मागच्या ब्रेकचं पेडल दाबलं की पूर्ण परत येत नाही. पेडलची पिन उजव्या फूटरेस्टच्या ॲल्युमिनियम ब्रॅकेटमध्ये बसते, म्हणून पिन साफ करून ग्रीस करायला ब्रॅकेट उतरवणं भाग होतं.

ब्रॅकेट फ्रेमला दोन बोल्टांनी धरलेला असतो. दोन्ही एम८ × १.२५ (व्यास ८ मिमी, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), मुंडीखाली ३० मिमी लांब, फ्लँजचे (मुंडीला जोडूनच रुंद कड), १२ च्या पान्याचे. वरचा बोल्ट करकरत, लाल भुकटी सांडत निघाला. खालचा पाव फेरा फिरला, मग पाना अचानक हलका झाला आणि मुंडी हातात आली. बोल्ट फ्रेमच्या तोंडापासून २ मिमी आत तुटला होता.

त्यानंतर घाईत एक प्रयत्न झाला आणि पुढचं बरंचसं काम त्यानेच अवघड केलं. २.५ मिमीचं साधं ड्रिल हातातल्या मशीनला लावून तुटक्या तोंडावर टेकवलं गेलं. तोंड तिरकं होतं, पंच मारलेला नव्हता. ड्रिल उतारावरून घसरलं आणि मध्यापासून १.२ मिमी खाली, ३ मिमी खोल भोक पाडून थांबलं.

या दोन बोल्टांवर चालवणाऱ्याचा पाय तर असतोच, शिवाय ब्रेकचं पेडलही असतं. त्यामुळे 'एका बोल्टवर चालवून घेऊ' हा पर्याय इथे नव्हताच.

तुटलेलं तोंड काय सांगतं

अवजाराला हात घालण्याआधी तुटलेला तुकडा भिंगाखाली धरावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचे निर्णय त्यावर ठरतात.

बोल्ट निव्वळ पिळून तुटला असेल तर तोंड सगळीकडे सारखं, ताजं आणि गोल पिळाच्या रेषांचं दिसतं. इथे तसं नव्हतं. दोन तृतीयांश भाग ताजा, राखाडी. खालचा एक तृतीयांश तपकिरी आणि गुळगुळीत. तपकिरी म्हणजे तिथली चीर जुनी, पाणी आत जाऊन गंजलेली. बोल्ट आधीपासूनच तडकत चालला होता आणि कधीतरी रस्त्यावर तुटलाच असता.

चीर तिथेच का पडली? बोल्टवरचा ताण सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. फ्रेममध्ये घुसणाऱ्या पहिल्या एक-दोन आट्यांवर तो सर्वांत जास्त येतो. त्यात ॲल्युमिनियम ब्रॅकेट आणि लोखंडी फ्रेम एकमेकांना टेकलेली, मध्ये खारं पाणी. अशा जोडीत ॲल्युमिनियम आधी झिजतं. ब्रॅकेटच्या पाठीवर पांढरी पावडर धरली होती आणि पृष्ठभाग खड्डे पडून असमान झाला होता. बैठक गेली की बोल्टचा ताण सैल पडतो आणि पाय ठेवल्यावर बोल्ट प्रत्येक वेळी किंचित वाकतो. हजारो वेळा वाकल्यावर चीर पडते.

ही माहिती कामाची ठरली, कारण तिच्यावरून आतला तुकडा किती घट्ट असेल याचा अंदाज येतो. ८.८ दर्जाच्या (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) निरोगी एम८ बोल्टला पिळून तोडायला कमीत कमी ३३ न्यूटन-मीटर लागतात. २०० मिमीच्या पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर लावला की ४० होतात, म्हणजे पूर्ण बोल्टही हाताने तुटू शकतो. पण चिरलेला त्याहून बराच कमी जोरात तुटतो. त्यामुळे 'बोल्ट तुटला म्हणजे तो आत दगडासारखा धरलाय' हे गृहीत धरायचं कारण नव्हतं.

मोजमाप

वरचा, अखंड निघालेला बोल्ट इथे मोजपट्टी झाला. लांबी ३० मिमी, ब्रॅकेट १० मिमी जाड, म्हणजे फ्रेममध्ये २० मिमी. तोंडापासून २ मिमी आत तुटला, म्हणजे आत उरलेला तुकडा १८ मिमी, साधारण १४ आटे. वरच्या भोकात तार घालून पाहिल्यावर खोली २४ मिमी भरली आणि पलीकडचं तोंड बंद होतं. खालचा बुश (बोल्ट ज्यात बसतो ती आतून आटे पाडलेली जाड नळी) तसाच असणार, म्हणजे तुकड्यामागे ४ मिमी पोकळी. फ्रेमच्या नळीत वेल्ड केलेल्या या बुशचा बाहेरचा व्यास १४ मिमी.

हे आकडे कागदावर लिहून गाडीजवळ चिकटवले. ड्रिल किती खोल जाणार हे माहीत नसेल तर बुशच्या तळाला भोक पडतं आणि पावसाचं पाणी कायमचं फ्रेमच्या नळीत जायला वाट मिळते.

कोणती पद्धत, आणि कोणती नाही

तुकडा बाहेर डोकावत असता तर ग्रिप प्लायर किंवा वेल्ड केलेला नट हेच पहिले उपाय. तोंडाशी समपातळीत असता तरीही, एमआयजी वेल्डिंग (कांडीऐवजी सतत पुढे येणाऱ्या बारीक तारेचं) हाताशी असेल, तर नट वेल्ड करणंच उत्तम: वेल्डची उष्णता थेट बोल्टच्या गाभ्यात जाते, तो फुगून गंजाला चिरडतो आणि थंड होताना आकसून सैल होतो. त्यासाठी एम६ चा सपाट वॉशर तोंडावर ठेवायचा, त्याच्या ६.४ मिमी भोकातून बोल्टवर धातू भरायचा आणि मग वॉशरला एम१० चा नट वेल्ड करायचा. वॉशरमुळे फ्रेमचे आटे वितळत नाहीत.

इथे तुकडा २ मिमी आत होता आणि जवळ फक्त आर्क वेल्डिंग होतं. ८ मिमीच्या भोकात २.५ मिमीची कांडी घालून ठिणगी पाडली तर ती आधी भिंतीला लागते. तुकडा फ्रेमलाच वेल्ड होण्याचा धोका होता. शिवाय वेल्ड फसलं तर मध्यम कार्बनचा बोल्ट भोवतालच्या थंड लोखंडामुळे झटकन निवतो आणि वरचा थर इतका कडक होतो की नंतर ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. म्हणून वेल्डिंग बाजूला ठेवलं.

ईझी-आउट, म्हणजे उलट्या पिळाचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर, सुरुवातीला वापरायचा नाही हेही ठरलं. हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा होता. एम८ च्या आट्याचा तळ जेमतेम ६.५ मिमी, तेवढ्या जाडीचा बोल्ट जिथे फिरला नाही, तिथे ४ मिमीचा एक्स्ट्रॅक्टर फिरवायला निघणं धोक्याचं आहे. पिळ सहन करायची ताकद व्यासाच्या घनात बदलते. ४ भागिले ६.५ चा घन साधारण ०.२३, म्हणजे आकाराने पाव ताकद. एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद बोल्टपेक्षा मजबूत असतं हे खरं, पण ते कडक आणि ठिसूळही असतं. वाकत नाही, तडकतं. त्यातून निमुळता आकार तुकड्याला बाहेरच्या बाजूला फुगवतो आणि आटे आणखी आवळतो. तो आत मोडला की त्यावर साधं ड्रिल चालत नाही. मग कार्बाइडचा बर (मशीनला लावायची कडक, बारीक कानस) घेऊन तासन् तास घासत बसा, नाहीतर फ्रेम मोकळी करून पुण्या-कोल्हापूरकडच्या एखाद्या टूलरूममध्ये स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू झिजवणाऱ्या यंत्रावर) न्या.

उरलं ते अचूक मध्यभागी भोक पाडणं, तेही उलट्या ड्रिलने.

दोन रात्री भिजवणं

टाकी उतरवून लांब ठेवली, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, गाडी मेन स्टँडवर उभी करून मागून-पुढून बांधली. ड्रिलवर जोर देताना गाडी हलली तर भोक वाकडं जाणारच.

आडव्या भोकात तेल राहत नाही, ही नेहमीची अडचण. त्यावर घरगुती उपाय चांगला: घट्ट मळलेल्या कणकेची वाटी बुशच्या तोंडाभोवती चिकटवायची, वरच्या बाजूला उघडी ठेवायची. आत सिरिंजने १-२ मिली पेनिट्रेटिंग ऑईल. डब्ल्यूडी-४० मुख्यतः पाणी हटवायला चांगलं. जाम आट्यांत शिरायला खास त्यासाठीचं तेल घ्यावं. तेही नसेल तर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं. हे दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवूनच भरायचं. कणकेऐवजी प्लॅस्टिसीन चालतं, पण ॲसिटोनने ते मऊ पडून गळतं.

दोन दिवसांत सहा वेळा तेल भरलं आणि प्रत्येक वेळी ५ मिमीचा सपाट पंच तुकड्यावर ठेवून २०० ग्रॅमच्या हातोडीने वीस-पंचवीस हलके, सरळ ठोके दिले. यात जोर महत्त्वाचा नाही, थरथर महत्त्वाची. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो पाचर मारल्यासारखा बसतो. पण तो ठिसूळही असतो. ठोक्यांनी त्याला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांतूनच तेल शिरतं. नुसतं भिजवलं आणि ठोकलं नाही, तर तेल पहिल्या दोन आट्यांपुढे क्वचितच जातं.

चुकीचं भोक बुजवणं

आता आधीच्या घाईची किंमत. जुनं भोक २.५ मिमीचं, मध्यापासून १.२ मिमी सरकलेलं. म्हणजे त्याची एक कड जवळपास बरोबर मध्यबिंदूवर आणि दुसरी मध्यापासून २.४५ मिमीवर. फ्रेमच्या आट्यांचं शिखर मध्यापासून ३.३ मिमीवर असतं, म्हणजे फ्रेमला अजून धक्का लागलेला नव्हता. ही जमेची बाजू. पण मधोमध नवं ड्रिल टेकवलं असतं तर त्याच्या टोकाखाली एका अंगाला लोखंड आणि दुसऱ्या अंगाला पोकळी आली असती. ड्रिल नेहमी पोकळीकडे पळतं.

म्हणून आधी ती पोकळी भरली. २.५ मिमीच्या वेल्डिंगच्या कांडीवरचं आवरण ठोकून काढलं की आत बरोबर २.५ मिमीची मऊ लोखंडी तार असते. तिचा साडेतीन मिमीचा तुकडा कापून, टोक कानशीने किंचित निमुळतं करून त्या भोकात ठोकून बसवला. वरचा अर्धा मिमी पंचाखाली चेपून पसरला आणि पिन घट्ट झाली. नंतर ३ मिमीच्या गोल कार्बाइड बरने सगळं तोंड सपाट केलं. तिरकेपणाही गेला.

ब्रॅकेटलाच जिग करणं

हाताने मध्य साधणं इथे शक्यच नव्हतं: भोक अरुंद, २ मिमी आत, त्यात एक मऊ पिन. पण ड्रिलला अचूक वाट दाखवणारा मार्गदर्शक, म्हणजेच जिग, समोरच होता. ब्रॅकेटचं खालचं भोक फ्रेमच्या भोकासमोरच येतं.

तुटक्या बोल्टचा मुंडीकडचा तुकडा ब्रॅकेटमध्ये पांढऱ्या पावडरीने अडकला होता. तो ठोकून काढला, भोक साफ केलं. कॅलिपरने ८.५ मिमी भरलं. लेथवाल्याकडून माइल्ड स्टीलचा एक बुश करून घेतला: अंगाचा व्यास ८.४ मिमी, लांबी १० मिमी, पुढे १.५ मिमी लांब आणि ६.६ मिमी व्यासाचं नाक. मधून आरपार ४.१ मिमीचं भोक. सगळं एकाच पकडीत, लेथवरून न काढता केलेलं, म्हणजे तिन्ही व्यास एकाच मध्यावर.

खरं काम नाकाचं. एम८ × १.२५ च्या आतल्या आट्यांचा शिखर-व्यास ६.६५ मिमी. ६.६ चं नाक फ्रेममधल्या उरलेल्या २ मिमी आट्यांत अलगद बसतं आणि बुशचा मध्य फ्रेमच्या आट्यांच्या मध्याशी जुळतो. ब्रॅकेटची सैल भोकं काहीही म्हणोत. ब्रॅकेट फक्त बुशला काटकोनात धरून ठेवतो. म्हणून क्रमही तसाच: ब्रॅकेटची पाठ आधी काच पेपरने सपाट, वरचा बोल्ट ढिला, बुश घालून नाक बसल्याची खात्री, आणि मगच वरचा बोल्ट आवळायचा. उलट केलं तर ब्रॅकेट बुशला एका बाजूला ओढतो.

पहिलं ड्रिल ३ किंवा ३.२ मिमीचं घ्यायची पद्धत आहे. इथे मुद्दाम ४ मिमीचं घेतलं. ड्रिलचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ४ मिमीचं ड्रिल ३.२ पेक्षा जवळजवळ अडीचपट ताठ. शेजारी मऊ पिन असताना तो ताठपणा हवाच होता.

ड्रिलिंग

ड्रिल उलट्या पिळाचं आणि पाच टक्के कोबाल्टचं. उलटं ड्रिल रिव्हर्सला चालतं, म्हणजे त्याची प्रत्येक पकड तुकड्याला सुटण्याच्या दिशेने ढकलते. साधं उजवं ड्रिल अडकलं की तुकडा आणखी आत आवळला जातो. कोबाल्ट यासाठी, की ८.८ चा बोल्ट कडक केलेला असतो आणि साध्या स्वस्त ड्रिलची धार त्यावर मिनिटभरात जाते. धार गेलेलं ड्रिल कापत नाही, घासतं. घासण्याने खालचा थर तापून आणखी कडक होतो.

वेग हा बहुतेकांचा चुकीचा मुद्दा. हातातली साधी मशीन मोकळी सोडली तर दोन-अडीच हजार फेरे सहज फिरते. अशा बोल्टला कापण्याचा वेग मिनिटाला १० मीटरच्या आसपास पुरे. त्या हिशेबाने ४ मिमीला ८०० फेरे, ५ मिमीला ६४०, ६ मिमीला ५३०. ट्रिगरवर बोट हलकं आणि हातावर जोर भरपूर, असं चालवायचं. कीस लांब, कुरळा येत राहिला तर ठीक. भुकटी येऊ लागली की थांबून धार बघायची. कटिंग ऑईल उत्तम. ते नसेल तर कोकणात घरोघरी असलेलं खोबरेल तेल इंजिन ऑईलपेक्षा बरं. धारेवर त्याचा थर जास्त टिकतो.

ड्रिलवर चिकटपट्टीची खूण केली. बुशच्या मागच्या तोंडापासून तुकड्याच्या शेवटापर्यंत ३० मिमी होतात (१० मिमी बुश आणि फ्रेममधले २० मिमी), त्यापुढे फार तर २. दर २ मिमीला ड्रिल बाहेर काढून कीस झटकला, तेल घातलं. बुशमध्ये कीस अडकून राहिला तर ड्रिल मोडतं, आणि मोडलेलं ड्रिल हा मोडलेल्या एक्स्ट्रॅक्टरचा सख्खा भाऊ.

पंचवीस मिनिटांनी ड्रिल पलीकडे निघालं. आरपार जाताना ड्रिल हमखास पकडतं आणि कित्येकदा तुकडा याच क्षणी फिरतो. इथे फिरला नाही. पण मागच्या पोकळीतून तपकिरी पाण्याचे चार थेंब बाहेर आले. आठ वर्षांचं खारं पाणी तिथे बसून होतं.

इथे हात आवरला. आरपार भोक झालं म्हणजे आता मागच्या बाजूनेही तेल आट्यांत जाऊ शकतं. बुश काढून, सिरिंजला बारीक नळी लावून मागच्या पोकळीत २ मिली तेल भरलं आणि आणखी एक रात्र जाऊ दिली. घाईने लगेच ५ मिमीचं ड्रिल घालण्यात काही मिळत नाही.

उष्णता

सकाळी आधी तेल पुसून काढलं. ॲसिटोनचं मिश्रण वापरलं असेल तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत ज्योत पेटवायची नाही. ब्रेक क्लीनरने धुणार असाल तर डबा वाचून घ्या: क्लोरिन असलेला ब्रेक क्लीनर ज्योतीखाली किंवा वेल्डखाली फॉस्जीनसारखा विषारी वायू देतो. ही सूचना हलक्याने घेऊ नका.

ब्यूटेनच्या छोट्या टॉर्चने फ्रेमच्या बुशच्या बाहेरच्या अंगाला चाळीस सेकंद शेक दिला. जवळची वायर आणि ब्रेक लाइटचा स्विच ओल्या फडक्याने झाकले होते. कानस मारून उघड्या केलेल्या ठिपक्यावर लोखंडाचा रंग पिवळसर झाला की थांबायचं. तिथे साधारण २२०-२३० अंश असतात. निळं होऊ द्यायचं नाही, लाल तर मुळीच नाही. ही फ्रेमची नळी आहे.

उष्णतेने बुश किती मोठा होतो याबद्दल मात्र फाजील कल्पना असतात. ८ मिमीला २०० अंशांचा फरक दिला तर व्यास वाढतो ०.०१९ मिमी. तोही बुश गरम आणि बोल्ट थंड असेल तरच. सावकाश शेकलं तर दोन्ही सारखेच तापतात. म्हणून झटकन, बाहेरून. खरा फायदा फुगण्या-आकसण्याने गंज तडकण्यात आहे. गरम असतानाच फटीला मेणबत्ती लावली. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. शेकणं, मेण, थंड होऊ देणं, असं तीन वेळा.

तुकडा फिरला तेव्हा

५ मिमीचं उलटं ड्रिल आरपार गेलं, तुकडा जागचा हलला नाही. मऊ पिनचा उरलेला भागही त्यात कापला गेला. आता लेथवर केलेल्या बुशची गरज नव्हती. मोठं ड्रिल आधीच्या भोकामागे जातं.

६ मिमीचं ड्रिल ११ मिमी आत गेलं असताना मशीनला झटका बसला आणि तुकडा ड्रिलबरोबर दोन फेरे बाहेर आला. कारण सोपं आहे. ६ मिमीचं भोक झाल्यावर आट्याच्या तळाशी भिंत उरते जेमतेम पाव मिमी. जाड बोल्ट गंजाच्या दाबाला विरोध करतो, म्हणून अडकतो. पातळ नळी आत दबते आणि पकड सुटते.

मग तो पुन्हा अडला. या वेळी गंजाने नव्हे, आट्यांत शिरलेल्या किसाने. इथे मशीन चालूच ठेवली तर पातळ नळी चिरते. हवा मारली, तेल घातलं, आणि आता कुठे एक्स्ट्रॅक्टरची पाळी आली: निमुळता पिळाचा नव्हे, सरळ खाचांचा, जो भोकाला फुगवत नाही. लांब पान्याने नव्हे, टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) छोट्या हँडलने, दोन्ही हात सारखे. पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा बाहेर. सात-आठ मिनिटांत तुकडा अखंड हातात आला.

तो फिरलाच नसता तर पुढचं ड्रिल ६.५ मिमीचं असतं. एम८ बोल्टच्या आट्यांचा तळ ६.४७ मिमीवर असतो, त्यामुळे तेवढं भोक बरोबर मध्यावर असेल तर आट्यांची फक्त स्प्रिंगसारखी वेटोळी उरते. तिचं टोक सुईने उचलून चिमट्याने ओढायचं. भोक ०.३ मिमी जरी सरकलेलं असेल तरी एका बाजूला फ्रेमचे आटे कापले जातात. मध्य साधण्यासाठी एवढा आटापिटा केला तो याचसाठी.

निघालेल्या तुकड्यावर पुढचे पाच आटे लाल भुकटीने भरलेले, मधले सहा जवळपास स्वच्छ, अजून झिंकची चमक असलेले, आणि शेवटचे तीन पुन्हा काळपट. पाणी पुढून ब्रॅकेटच्या फटीतून आलं होतं आणि आट्यांतून झिरपून मागच्या पोकळीत साचलं होतं. अडकला होता तो पाच आट्यांत.

आटे तपासणं

नवा टॅप लगेच घालायचा मोह टाळला. टॅप कापतो, जुने आटे सरकलेल्या कोनात पकडले तर तो नवे आटे पाडतो आणि जुने खलास करतो. त्याऐवजी चेसर (नवे आटे न कापता जुने साफ करणारं हत्यार) केला: १०.९ दर्जाच्या एम८ बोल्टला ग्राइंडरच्या पातळ डिस्कने लांबीत तीन खाचा, टोक थोडं निमुळतं. तेल लावून बोटांनीच सुरुवात, दर अर्ध्या फेऱ्याला पाव फेरा मागे. चार वेळा बाहेर काढून पुसला. काळा चिखल येणं थांबलं तेव्हा नवा बोल्ट तळापर्यंत बोटांनी गेला.

पहिले दीड आटे खालच्या बाजूला झिजलेले दिसले, बाकी शाबूत. दिसण्यावर न थांबता भार देऊन पाहिलं: जाड वॉशरांची चवड लावून कोरडा नवा बोल्ट टॉर्क पान्याने २८ न्यूटन-मीटरला आवळला आणि दहा मिनिटं ठेवला. या मापाच्या ८.८ बोल्टला साधारण २५ लागतात. दहा मिनिटांनी पान्याने पुन्हा २८ ला क्लिक दिलं, बोल्ट किंचितही पुढे सरकला नाही.

सरकला असता तर हेलिकॉइल, म्हणजे तारेची वेटोळी बसवून नवे आटे करणं: ८.३ मिमी ड्रिल, त्याचा खास टॅप, १६ मिमी लांबीची कॉइल. १४ मिमीच्या बुशमध्ये त्यासाठी पुरेशी भिंत उरते. एम१० पाडणं हा शेवटचा उपाय, कारण मग ब्रॅकेटचं भोकही मोठं करावं लागतं आणि त्या भोकाच्या कडेला ॲल्युमिनियम मुळातच कमी असतं.

परत बसवणं

दोन्ही बोल्ट नवे, ८.८ दर्जाचे, झिंकचे. गंजणार नाही म्हणून स्टेनलेस घालावा असं पुष्कळांना वाटतं. बाजारात सर्रास मिळणारा ए२-७० स्टेनलेस ताणाच्या बाबतीत ८.८ पेक्षा बराच कमी पडतो: ६४० ऐवजी ४५० मेगापास्कललाच तो कायमचा ताणला जाऊ लागतो. ज्या जागी बोल्ट वाकून तडकला त्याच जागी कमी ताकदीचा बोल्ट घालू नये.

ब्रॅकेटची पाठ काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पेपरवर पुन्हा घासून पूर्ण सपाट केली. फ्रेमच्या बुशचं तोंड साफ करून, जळालेल्या भागाला झिंक प्रायमर आणि रंगाचे दोन हात, पण तोंडावर रंग नाही. रंगाचा थर पुढे दबतो आणि बोल्ट सैल पडतो. मागच्या पोकळीत सिरिंजने थोडं ग्रीस भरलं, म्हणजे पाण्याला बसायला जागाच नाही. भोक गच्च भरायचं नाही. बंद भोकात बोल्ट ग्रीसला पिचकारीसारखा दाबतो आणि टॉर्क खोटा दिसतो.

आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणाऱ्या) पेस्टचा पातळ थर. पेस्टने घर्षण घटतं, म्हणून तोच टॉर्क लावला तर बोल्ट जास्त ताणला जातो. २५ ऐवजी १९-२० वर थांबायचं. बोल्टच्या फ्लँजखाली आणि ब्रॅकेट-फ्रेमच्या कडेने बाहेरून ग्रीसचा हात, पेडलची पिन साफ करून ग्रीस, पेडलची मोकळी चाल आणि ब्रेक लाइट तपासून काम पुरं.

पाचशे किलोमीटरनंतर दोन्ही बोल्ट टॉर्क पान्याने तपासले, खालचा जरासाही फिरला नाही. खाऱ्या हवेतल्या गाडीला हे दोन बोल्ट वर्षातून एकदा, मे अखेरीस, पाऊस लागायच्या आधी काढून नवी पेस्ट लावून परत बसवायचे. डावीकडचे दोनही त्याच वेळी बघायचे. तिथेही तोच ब्रॅकेट, तीच फट आणि तेच पाणी आहे.